खांदा बसला पाहिजे

‘पहले शोल्डर देख, कलर बाद में.’

गोवंडीत शिवाजीनगरच्या बाजारात संध्याकाळी शर्टांचे ढीग लागतात. तिथे थोरली बहीण धाकट्या भावाला, नाहीतर आई कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हे सांगताना हमखास ऐकू येतं. फॅशनवर आजवर जे काही वाचलं, त्यात याहून कामाचं वाक्य मला सापडलेलं नाही. शर्ट लांब असला तर खालून दुमडून शिवता येतो. पोटाकडे ढगळ असला तर दोन्ही कुशींतून आत घेता येतो. बाही आखूड करता येते, बटणं बदलता येतात, कॉलर झिजली असेल तर उलटवून लावता येते. पण खांदा उतरलेला असला, तर बाही उसवायची, मुंढा नव्याने कापायचा, बाही परत बसवायची. एवढ्या शिलाईत दुसरा शर्ट येतो. म्हणून रंग, छाप, ब्रँड सगळं नंतर. हाताला लागलेला शर्ट आधी खांद्याला लावून बघायचा.

दीडशे रुपयांचा शर्ट अंगावर हजाराचा दिसतो, त्यामागे एवढंच असतं. आणि हे गोवंडीतल्या मुलांना ठाऊक असतं याचं मला नवल वाटत नाही. अख्ख्या मुंबईच्या कपड्यांचं काम त्यांच्या गल्लीत चालतं.

बैंगणवाडीच्या, शिवाजीनगरच्या पोटमाळ्यांवर जरीकामाचे अड्डे आहेत. अड्डा म्हणजे लाकडी चौकट. तिच्यावर कापड दोरीने आवळून ढोलाच्या कातड्यासारखं ताणतात आणि दोन्ही बाजूंना कारागीर मांडी घालून बसतात. नक्षी आधी ट्रेसिंग पेपरवर काढून तिच्या रेषेवर सुईने बारीक भोकं पाडलेली असतात, तो खाका. खाका कापडावर पसरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड वरून फिरवली की भोकांतून ठिपके उतरतात आणि वेलबुट्टी उमटते. मग आरी चालते. आरीच्या टोकाला बारीक आकडी असते. वरचा हात ती कापडात घालतो, खालचा हात अंधारातच आकडीला धागा देतो आणि साखळीटाका वर येतो. दबका, कटदाणा, सितारे, मोती एकेक करून जागेवर बसतात. यातले पुष्कळसे कारागीर बिहार, उत्तर प्रदेश, बंगालकडून आलेले. इथून निघालेला लेहंगा उपनगरातल्या बुटिकात लागतो तेव्हा त्याची किंमत कारागिराच्या कितीतरी महिन्यांच्या कमाईएवढी असते. याच कारखान्यांतून लहान मुलांना सोडवल्याच्या बातम्याही वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं छापल्या आहेत. या कलेबद्दल लिहिताना ते विसरून चालणार नाही.

अड्ड्याशिवाय घरोघरी चालणारं काम वेगळं. तयार कपड्यांचे सुटे धागे कापायचे, हूक लावायचे, टिकल्या चिकटवायच्या. नगावर पैसे मिळतात आणि ते फार थोडे असतात. पण दहावीतली मुलगी आईच्या शेजारी बसून असे शेकडो कुडते उलटेपालटे करून बघते, तेव्हा तिच्या नकळत तिचं शिक्षण होत असतं. टाका घट्ट कुठला आणि सैल कुठला, अस्तर कुठे लावलंय आणि कुठे वाचवलंय, हे तिला बोटांनी कळतं. पुढे कॉलेजात गेल्यावर दुकानात ती कपडा आधी आतून बघते.

आणि गोवंडीतच देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथे येतो. सुमारे १३२ हेक्टरांवर पसरलेल्या या डोंगरात शहराने टाकलेले कपडेही असतात. ते वेचून, निवडून, धुऊन, त्यातल्या चिंध्या गॅरेजांना आणि कारखान्यांना पुसायला विकणं हा इथल्या पुष्कळ कुटुंबांचा धंदा. आपल्याकडे दारावर येणारी बोहारीण जुन्या साड्या-पँटी घेऊन स्टीलचं भांडं द्यायची; त्या गाठोड्याचं पुढे काय व्हायचं याचा विचार आपण कधी केला नाही. अंगात घालण्याजोगं असेल ते दुरुस्त होऊन, इस्त्री होऊन पुन्हा बाजारात यायचं, उरलेलं चिंधी व्हायचं. कपड्याचा हा शेवटचा टप्पा गोवंडीला रोज समोर दिसतो. चार धुण्यांत विटणारा टी-शर्ट कुठे जाऊन पडतो, हे इथल्या पोराला कुणी पर्यावरणाच्या तासाला शिकवावं लागत नाही.

या वस्तीबद्दल एक आकडा नेहमी दिला जातो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात, गोवंडी ज्यात येते त्या एम-पूर्व विभागाचा निर्देशांक शहरात सर्वांत कमी होता, ०.०५. हा आकडा खरा आहे आणि तो विसरू नये. पण त्याच्या सावलीत इथल्या मुलांकडे बघताना आपण गृहीत धरतो, की ज्यांच्याकडे पाणी पुरेसं नाही त्यांना कपड्यांची आवड कशी परवडेल. याच विभागात राहून चेंबूरच्या, कुर्ल्याच्या, घाटकोपरच्या कॉलेजांत जाणारी हजारो मुलंमुली सकाळी गोवंडी स्टेशनचा जिना चढतात. त्यांना नीट बघा. ती टापटीप असतात. त्यांच्या कपड्यात विचार असतो.

हा विचार घरातून सुरू होतो. १९७० च्या दशकात शहरातल्या झोपड्या हटवून लोकांना शिवाजीनगरात आणलं, तेव्हा मिळालेली जागा साधारण १० बाय १५ फुटांची. त्यात पाच-सहा माणसं. कपाट असलंच तर एक, त्यातला एक कप्पा आपला. नाहीतर पलंगाखालची बॅग आणि भिंतीवरचा खिळा. ‘कपड्यांची संख्या कमी ठेवा, सगळ्यांचा सगळ्यांशी मेळ बसेल असे रंग निवडा’ असा सल्ला हल्ली मोठे स्टायलिस्ट पैसे घेऊन देतात. इथे तो खिळ्यानेच दिलेला असतो. दोन पँटी, चार वरचे कपडे, एक ठेवणीतला जोड. पँट काळी, गडद निळी किंवा राखाडी, कारण जुलैत नव्वद फुटी रस्त्यावरचा चिखल पोटरीपर्यंत उडतो. वरचा कपडा मात्र उजळ, चेहऱ्याला शोभणारा. मी ज्यांचं कौतुक करतो ती मुलं हेच करतात. खाली मुकाट, वर बोलका.

मग येतो वाळवण्याचा प्रश्न. फॅशनवर लिहिणारे याचा कधी विचार करत नाहीत. गोवंडीतल्याच नटवर पारेख कंपाउंडमधल्या पुनर्वसन इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात अशा वसाहतींत ऊन-वारा न पोचण्याचा क्षयरोगाशी संबंध दाखवला होता. जिथे माणसाला ऊन मिळत नाही तिथे दोरीवरच्या जीन्सला कुठून मिळणार? पावसाळ्यात जाड डेनिम दोन-तीन दिवस ओली राहते, मग तिला कुबट वास येतो, आणि तो वास वर्गात सगळ्यांना येतोय असं वाटून मूल दिवसभर अंग चोरून बसतं. ‘सुती वापरा, लिनन वापरा’ हे सांगणं सोपं आहे. शुद्ध सुती शर्ट चुरगळतो, त्याला रोज इस्त्री लागते, आणि इस्त्रीवाल्याला नगामागे पैसे द्यावे लागतात. म्हणून इथली शहाणी मुलं सुती-पॉलिएस्टरचं मिश्रण घेतात. ते रात्री धुतलं तर पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतं. घडी घालून गादीखाली ठेवलं की इस्त्रीचे पैसे वाचतात. नुसतं पॉलिएस्टर मात्र नको. हार्बर लाइनच्या गर्दीत त्याला घामाचा वास धरतो आणि तो धुऊनही जात नाही. कापड कसलं आहे हे ओळखायला कडेचा एक सुटा धागा पेटवतात. कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख पडली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. गडद रंग घेताना रुमालाचं टोक ओलं करून आतल्या बाजूला घासायचं. रुमालाला रंग लागला तर तो शर्ट बाकीचे कपडेही खराब करणार.

खरेदीचे रस्ते मुंबईकराला सांगायला नकोत, पण विद्यार्थ्याच्या खिशाने ते थोडे वेगळे दिसतात. आझाद मैदानासमोरचं फॅशन स्ट्रीट, बांद्र्याचा लिंकिंग रोड, कुलाबा कॉजवे ही नावं मोठी. तिथे घासाघीस जमली तरच परवडतं. दो टाकीच्या बाजूला दीड गल्लीत शुक्रवारी पहाटे अंधारातच जुन्या बुटांचा बाजार भरतो. मोबाइलच्या उजेडात तळवा वाकवून बघायचा, डिंकाची रेघ नवी दिसली तर बूट सोडून द्यायचा. झुडिओ २०१६ मध्ये सुरू झालं आणि ‘९९९ च्या आत’ या हिशेबाने कॉलेजची गर्दी त्याने ओढून घेतली. मीशोवर घरबसल्या दोनशेचा कुडता येतो, आवडला नाही तर परत जातो. मला या सगळ्यांत मंगलदास मार्केट प्यारं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या त्या अरुंद गल्ल्यांत कटपीस मिळतात. ताग्याच्या शेवटी उरलेला दोन-सव्वादोन मीटरचा तुकडा, ज्याचं मोठ्या गिऱ्हाइकाला काही काम नाही. पण ३६ इंची पन्ह्याचा सव्वादोन मीटर असेल तर एक पूर्ण शर्ट होतो, ५८ इंची पन्ह्याचा असेल तर दीड-पावणेदोन मीटरमध्येही निभतं. असा कपडा दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसत नाही. वर्गात दहा जणांनी एकाच दुकानातला एकच टी-शर्ट घातलेला असताना आपला शर्ट आपलाच, हे समाधान शंभर-दीडशेच्या तुकड्यात मिळतं.

आपल्या आधीच्या पिढीला कापड घेऊन शिवायचीच सवय होती. दिवाळीला वडील एक तागा आणायचे, त्यातून सगळ्या भावांचे शर्ट शिवून व्हायचे, आणि फोटोत सगळे बँडवाल्यांसारखे दिसायचे. तेव्हा त्या सारखेपणाचा राग यायचा. पण त्या ओढाताणीतही शिंप्याकडे जाऊन माप देणं, ‘वाढत्या अंगाचा शिवा’ सांगणं, आत माया ठेवून घेणं हे सगळं घराला येत होतं. रेडीमेडने ते आपल्याकडून काढून घेतलं. गोवंडीत ते टिकलंय, कारण गल्लीच्या तोंडाशी मशीन घेऊन बसलेला टेलर अजून आहे.

त्याच्यासमोर थोडा वेळ उभं राहावं. एक मुलगा जीन्स घेऊन येतो. ढिगातली, कंबरेला दोन इंच मोठी, खाली रुंद. टेलर ती उलटी करतो. बहुतेक जीन्सच्या आतल्या शिवणीवर दुहेरी टीप असते, तिथे हात घातला की दुरुस्ती उघडी पडते. म्हणून तो बाहेरची साधी शिवण उसवतो आणि मांडीपासून घोट्यापर्यंत खडूने तिरकी रेघ ओढतो. रेघ गुडघ्याशी थोडी बाहेर सोडतो, नाहीतर बसताना ताणेल. कंबर मागच्या मध्यशिवणीतून आत घेतो. त्यासाठी पट्टा आणि मधला लूप काढून परत लावावा लागतो, आणि घाईतला टेलर नेमका हाच लूप तिरका बसवतो. शेवटी उंची. ‘ओरिजिनल बॉटम रखने का?’ असं तो विचारतो. रखने का असेल तर खालची धुवट कड सगळी कापून वेगळी ठेवायची, मधलं जास्तीचं कापड काढायचं आणि तीच कड पुन्हा जोडायची. जोड शिलाईच्या रेषेत लपतो. अर्ध्या-पाऊण तासाचं काम, शंभराच्या आसपास पैसे. मुलगा ती तिथेच पडद्यामागे घालून बघतो आणि बाहेर येतो तेव्हा ताठ उभा असतो.

फॉर्मल पँट घेताना हीच मुलं कंबरेच्या मागची शिवण आतून उघडून बघतात. चांगल्या शिलाईत तिथे दोन्हीकडे इंचभर माया असते. वजन वाढलं तरी पँट चालते. स्वस्तातल्या रेडीमेडला ती जेमतेम पाव इंच. दिसायला दोन्ही सारख्या, पण एक कॉलेजची तिन्ही वर्षं पुरते आणि दुसरी पहिल्याच वर्षी बाद होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा कपडे स्वस्त झाल्याच्या बातम्या आल्या. २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के कर झाला. पण हजाराच्या आतल्या कपड्यांवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. म्हणजे या मुलांच्या शर्टाला त्याने काही फरक पडला नाही. बुटांना पडला, कारण स्वस्त पादत्राणांवर १२ टक्के होता तो ५ झाला. त्याच वर्षी मे महिन्यात बेस्ट बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं होतं. कुर्ल्याला बाजारात जाऊन यायचं तर तो फरक बुटांत वाचलेले पैसे लवकरच खाऊन टाकतो.

मुलींचं गणित आणखी वेगळं. गोवंडीत मोठ्या संख्येने मुस्लिम मुली शिकतात आणि त्यांतल्या कितीतरी घरून अबाया किंवा बुरखा घालून निघतात. बाहेरचे लोक त्यांना एकाच काळ्या रंगात बघतात. जवळून बघितलं तर निदाचं मऊ कापड वेगळं, क्रेपचं वेगळं. बाहीच्या टोकाला कुणी लेस लावलेली, कुणी अड्ड्यावरच्या भावाकडून बारीक मोतीकाम करून घेतलेलं. स्टोलचा रंग रोजचा वेगळा आणि तो पिनेने बांधायची प्रत्येकीची ढब निराळी. एका स्टोलची किंमत शर्टाहून कितीतरी कमी, म्हणून चार-पाच स्टोलांवर एक अबाया वर्षभर नवा दिसतो. कमी खर्चात इतकी विविधता साधणं मुलांना क्वचितच जमतं.

याच कपड्यांवरून २०२४ साली प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. चेंबूरच्या एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे कॉलेजात गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांतली मुलं मोठ्या संख्येने जातात. कॉलेजने आवारात हिजाब, नकाब, बुरखा, स्टोल, टोपी, बॅज यांना बंदी करणारा ड्रेसकोड काढला. नऊ विद्यार्थिनी हायकोर्टात गेल्या. २६ जून २०२४ रोजी हायकोर्टाने त्यांची याचिका फेटाळली. पाठोपाठ कॉलेजची दुसरी नोटीस आली: फाटक्या जीन्स, टी-शर्ट, जर्सी चालणार नाहीत, कपडे फॉर्मल आणि सभ्य हवेत. ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने हिजाब, टोपी आणि बॅजपुरती पहिल्या परिपत्रकाला स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र मोकळीक दिली नाही. धर्म तर नावातूनही कळतो, मग टिळा आणि टिकली लावणाऱ्यांनाही अडवणार का, असं न्यायमूर्तींनी विचारलं.

धर्माच्या बाजूने या प्रकरणावर खूप बोललं गेलं, आणि माझं मत सुप्रीम कोर्टाच्या स्थगितीच्या बाजूचं आहे. अठरा वर्षांची मुलगी डोक्यावर काय घेते हे तिने ठरवावं. ती घरातून कॉलेजपर्यंत पोचते आहे, ही तिच्या घरात कुणीतरी जिंकलेली लढाई असते. फाटकावर ती हरायला लावू नये. पण दुसऱ्या नोटिशीबद्दल फारसं कुणी बोललं नाही. टी-शर्ट हा गरीब विद्यार्थ्याचा गणवेश आहे. त्याला इस्त्री लागत नाही, तो पंख्याखाली वाळतो, ढिगात तो सर्वांत स्वस्त मिळतो. ‘सभ्य’ म्हणून त्याच्या जागी कॉलरचा शर्ट मागितला, की ती मागणी थेट खिशाला लागते.

सभ्य कपड्यांचं महत्त्व गोवंडीला शिकवायला नको. इथल्या अनेक घरांत बाबासाहेबांचा निळ्या कोटातला फोटो भिंतीवर आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पाण्याच्या सत्याग्रहासाठी जमलेल्या स्त्रियांना त्यांनी लुगडं कसं नेसावं यावर मुद्दाम सांगितलं होतं. गुडघ्याशी येणारं, जातीची खूण सांगणारं नेसणं सोडा, गळ्याहातांतले ओझ्याचे दागिने सोडा; कपडा ठिगळाचा असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. आणि त्या बायकांनी नेसणं बदललंही. पाणी पिण्याच्या हक्काइतकंच ते महाडचं काम होतं, असं मला वाटतं. काय नेसायचं हे दुसऱ्याने ठरवून दिलेलं होतं. महाडला ते त्यांनी स्वतः ठरवलं. खांदा बघून शर्ट घेणारा मुलगा आणि स्टोलचा रंग निवडणारी मुलगी त्याच वाटेवर आहेत.

म्हणून ड्रेसकोड काढणाऱ्या कुठल्याही कॉलेजला मी एक हिशेब करायला सांगेन. नोटीस जूनअखेर लागते. त्याच पंधरवड्यात फी भरायची असते, रेल्वेच्या सवलतीच्या पाससाठी रांग असते, छत्री आणि पावसाळी चप्पल घ्यायची असते. आणि गल्लीतला टेलर तेव्हा शाळांच्या गणवेशांत बुडालेला असतो. तो दोन-तीन आठवड्यांचा वायदा देतो. हीच नोटीस एप्रिलमध्ये लावली, तर मुलगा सुट्टीत चार ट्यूशन घेईल, मुलगी लग्नसराईत मेंदीच्या ऑर्डरी घेईल, मंगलदासातून दोन कटपीस येतील, आणि मे महिन्यात मोकळा असलेला टेलर सावकाश माप घेऊन, आत इंचभर माया ठेवून ते शिवून देईल.